हिवाळ्यातील कोंबड्यांचे श्वसनरोग : औषधाआधी जिवाणूच्या जनुकीय प्रकाराची तपासणी

परतीचा पाऊस ओसरून दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागल्या की कोल्हापूर जिल्ह्यातील कुक्कुटपालक संध्याकाळपासूनच शेडचे पडदे बंद ठेवू लागतात. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या जास्त पावसाच्या तालुक्यांत तुसाच्या गादीत पावसाळ्याची ओल तोवर टिकून असते. तिच्यातून सुटणारा अमोनिया बंद शेडमध्ये साठतो आणि श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव निकामी करतो. म्हणून थंडीतही पडद्याची वरची सुमारे एक फूट पट्टी उघडी ठेवावी आणि ओली, गोळे झालेली गादी वेळीच काढून कोरडे तूस पसरावे. हे न करता कोणतीही तपासणी किंवा औषध उपयोगी पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

घरघर, शिंका, नाकातून स्राव आणि डोळ्यांखालची सूज ही लक्षणे अनेक रोगांत सारखीच दिसतात. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकममुळे होणारा दीर्घकालीन श्वसनरोग, म्हणजे सीआरडी, तसेच ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनॅरममुळे होणारा कोरायझा आणि ओआरटी (ऑर्निथोबॅक्टेरियम रायनोट्रॅकिएल या जिवाणूचा संसर्ग) हे जिवाणूजन्य रोग आहेत. राणीखेत आणि आयबी (संसर्गजन्य ब्राँकायटिस) हे विषाणूजन्य आहेत. आणि यांपैकी कशानेही पक्षी खंगला की ई. कोलाय हा जिवाणू त्यात भर घालतो. त्यामुळे केवळ लक्षणांवरून रोगाचे नाव ठरवणे धोक्याचे आहे. नाव ठरल्यावरही त्या जिवाणूचा नेमका प्रकार कोणता, हा प्रश्न उरतो आणि तो सोडवण्यासाठी जनुकीय तपासणी करावी लागते.

मायकोप्लाझ्माच्या बाबतीत ही तपासणी सर्वाधिक उपयोगाची ठरते. हा जिवाणू अंड्यातून पिल्लात उतरतो, तसाच आजारी पक्ष्याच्या संपर्कातून, खोकल्याच्या तुषारांतून आणि माणसांच्या कपड्यांवरूनही पसरतो. रक्ताच्या थेंबावर केली जाणारी प्लेट चाचणी फक्त प्रतिपिंडे दाखवते. ती लसीमुळे आली की शेतावरच्या संसर्गामुळे, हे तिच्यातून कळत नाही. पीसीआर चाचणीत मात्र एमजीसी-२ सारख्या जनुकाचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचला, तर एफ, टीएस-११ किंवा ६/८५ या जिवंत लसींतील जिवाणू आणि बाहेरून आलेला जिवाणू बहुतेक वेळा वेगळे ओळखता येतात. एकाच हॅचरीची पिल्ले घेतलेल्या दोन-तीन शेडमध्ये अनेक जनुकांचे क्रम तंतोतंत जुळले, तर पिल्लांमार्फत संसर्ग आल्याचा संशय बळावतो. ते वेगळे निघाले, तर आठवडी बाजारातून आणलेल्या गावरान कोंबड्या, खाद्याची गाडी किंवा शेजारची शेड यांकडे पाहावे. तरीही जुळलेला प्रकार हा पुरावा नव्हे. एखादा प्रकार साऱ्या परिसरातच पसरलेला असू शकतो, त्यामुळे केवळ अशा अहवालाच्या जोरावर हॅचरीशी भांडण काढू नये.

कोरायझाचे गणित निराळे आहे. या जिवाणूचे अ, ब आणि क असे तीन मुख्य सिरोव्हर (प्रतिपिंडांच्या प्रतिसादावरून ओळखले जाणारे उपप्रकार) आहेत आणि एकाविरुद्धची मृत लस दुसऱ्यापासून पुरेसे संरक्षण देईलच असे नाही. लस टोचूनही लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) पक्ष्यांची तोंडे सुजत असतील, तर शेडमधला सिरोव्हर लसीत आहे का, हे आधी पाहावे. मात्र पीसीआरवरून सांगितलेला सिरोव्हर प्रतिरक्त (ठरावीक प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव) वापरून केलेल्या पारंपरिक चाचणीशी नेहमी जुळत नाही, म्हणून लस बदलण्यापूर्वी दोन्हींची विचारणा करावी.

कोणते औषध लागू पडेल, हे प्रकाराच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी औषध-संवेदनशीलता चाचणी वेगळी मागावी लागते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन गटातील औषधे त्यावर निरुपयोगी आहेत. टायमुलिन हे प्रतिजैविक देताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही कॉक्सिडिओसिसविरोधी औषधे नसल्याची खात्री करावी, कारण ही सरमिसळ पक्ष्यांना विषारी ठरते. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपक्ष्यांमधील वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

नमुना औषध सुरू करण्याआधी आणि पशुवैद्यकाकडूनच घ्यावा. नुकतीच लक्षणे दिसू लागलेले काही पक्षी निवडून टाळूची फट आणि श्वासनलिका येथून, आणि कोरायझाचा संशय असल्यास डोळ्याखालच्या सुजलेल्या पोकळीतून, कृत्रिम धाग्याच्या स्वॅबने नमुना घ्यावा. नमुने बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावेत, कारण जिवाणू वाढवून पाहायचा असेल तर तो जिवंत पोहोचणे आवश्यक असते. सोबतच्या कागदावर पक्ष्यांचे वय, मरतूक, दिलेल्या लसी आणि पिल्लांचा स्रोत लिहावा. ही माहिती नसेल तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभाग किंवा शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे, कोणती तपासणी कोठे होते, याची आधी चौकशी करावी.

प्रत्येक लहान शेतकऱ्याने हा खर्च करावा, असे आम्ही म्हणणार नाही. परसातील पंचवीस-तीस कोंबड्यांसाठी तो परवडणारा नाही. पण लागोपाठच्या लॉटमध्ये तोच आजार उद्भवत असेल, तर एकाच हॅचरीच्या पाच-सहा कुक्कुटपालकांनी मिळून, किंवा करारावर पिल्ले देणाऱ्या कंपनीला सांगून, तपासणी करून घ्यावी. मरतूक अचानक वाढली किंवा तुरे-लोळ्या निळसर पडल्या, तर मात्र स्वॅब घेत बसू नये आणि मेलेला पक्षी फाडूही नये. बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरून शेडची ये-जा थांबवावी आणि पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे.