स्टेपनी ठेवायची की काढायची? या चुका टाळा

डिकीतल्या गालिच्याखाली स्टेपनी आहे एवढ्यावर निर्धास्त राहणारे बरेच असतात. तिच्यात हवा किती आहे, पाना कुठे आहे, जॅकचा दांडा शेवटचा कुणी वापरला, हे रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर कळतं. दुसरीकडे, ‘आता ट्यूबलेस आहेत, स्टेपनी कशाला?’ म्हणून ती घरच्या माळ्यावर टाकणारेही आहेत. दोघांची चूक एकच: पंक्चर सगळी सारखीच असतात, असं ते धरून चालतात.

खिळा किंवा स्क्रू टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात घुसला, तर ट्यूबलेसमधली हवा हळूहळू जाते आणि जागेवर दुरुस्ती होते. पण खड्ड्याच्या धारदार कडेनं टायरची बाजू फाटली, बाजूला फुगा आला किंवा रिम वाकली, तर पट्टी, द्रव, पंप यातलं काहीही उपयोगाचं नाही. त्या वेळी चालतं ते फक्त दुसरं चाक, नाहीतर टोइंगची गाडी. टायरची बाजू जितकी बुटकी, तितकी ती खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये लवकर चेपते. म्हणून मोठ्या अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूची मोठी रिम आणि बुटकी बाजू असलेल्या गाडीला स्टेपनीची गरज जास्त, आणि नेमक्या अशाच बऱ्याच गाड्यांत ती कमी मापाची मिळते किंवा मिळतच नाही.

नियमाचा अर्धाच भाग ऐकणं

1 ऑक्टोबर 2020 पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली हे खरं, पण ती अटींवर. टायर ट्यूबलेस हवेत, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा हवी आणि पंक्चर दुरुस्तीचं किट हवं. कंपनीनं स्टेपनीसकट विकलेल्या, टीपीएमएस नसलेल्या गाडीतून ती आपणच काढली, तर या सवलतीचा आधार घेता येत नाही.

मायलेजसाठी काढणं तर अगदीच व्यर्थ. छोट्या गाडीचं चाक साधारण 12 ते 15 किलोचं असतं. तेवढं वजन कमी करून पेट्रोलच्या हिशेबात काही दिसत नाही. टायरमध्ये पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असेल तर मात्र फरक पडतो.

सीएनजीवाल्यांची अडचण खरी आहे. डिकीत टाकी बसली की स्टेपनी टाकीला टेकवून उभी ठेवली जाते किंवा गाडीखाली जाते. उभी ठेवली असेल तर पट्ट्यानं घट्ट बांधा. जोरात ब्रेक लागला की सुटलेलं चाक थेट मागच्या सीटवर आदळतं.

शहरातच फिरणाऱ्या, चौकाचौकात पंक्चरवाला असलेल्या माणसाला किटवर भागवता येईल. घाट, कोकणातले आतले रस्ते, रात्रीचा प्रवास किंवा समृद्धीसारखा लांब पल्ला नेहमीचा असेल, तर डिकीतली जागा गेली तरी चालेल, स्टेपनी ठेवा.

हवा न बघणं

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. वापरात नसलेल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते. वर्षभर न बघितलेल्या, 33 भरलेल्या स्टेपनीत 15 उरली तर नवल नाही, आणि तेवढ्यावर भरलेली गाडी चालवणं म्हणजे तो टायरही घालवणं. पूर्ण मापाच्या स्टेपनीत नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवा. लावल्यावर गरजेप्रमाणे सोडता येते. बारीक तात्पुरत्या स्टेपनीला मात्र हा अंदाज लावू नका. काही तात्पुरत्या चाकांना 60 पीएसआय लागते. आकडा टायरच्या बाजूवर किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या मुलाला ‘स्टेपनी पण बघ’ हे आपणच सांगायचं असतं, तो आपणहून डिकी उघडणार नाही.

वयही बघा. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2316 म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. खाचा कोऱ्या दिसल्या तरी रबर वाळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा टायर न वापरलेला असला तरी बदलावा, असं टायर कंपन्याच सांगतात.

माप न जुळवणं

टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी (मिलिमीटर), दुसरा बाजूची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमचा व्यास (इंच). 195/55 आर16 आणि 185/65 आर15 या दोन टायरांची बाहेरची उंची जवळपास सारखीच, सुमारे 621 मिलिमीटर. त्यामुळे अलॉय 16 इंची आणि लोखंडी स्टेपनी 15 इंची असली तरी ही जोडी चालून जाते. पण चारही टायर हौसेनं मोठे करून घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली, तर गणित बिघडतं. 175/65 आर14 ची उंची 583 मिलिमीटर. ती वरच्या मापाच्या जोडीला लावली तर एका अ‍ॅक्सलवरची दोन चाकं सतत वेगळ्या वेगानं फिरतात. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरेन्शियल तापतो, ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा दिवा लागतो, ब्रेक मारल्यावर गाडी ओढते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचंच चाक बसलं आणि स्टेपनी लहान असेल, तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. जॅक दोनदा लावावा लागेल, पण ओढ घेणाऱ्या आणि वळणाऱ्या जागी ते लहान चाक जाणार नाही. स्टेपनीवरच्या स्टिकरवर ताशी 80 ची वेगमर्यादा लिहिली असेल तर 80च्या आतच चालवा आणि जवळच्या दुकानापर्यंतच. टीपीएमएसचा दिवा पेटलेला राहिला तर घाबरू नका. स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतोच.

चाक बदलताना

त्रिकोण दहा पावलांवर ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. ताशी 100 च्या वेगानं येणारी गाडी 50 मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत कापते. हायवेवर तो 100 मीटर मागे न्या, वळण असेल तर वळणाच्याही मागे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळण्याआधीच दिसेल असा. एक्सप्रेसवेवर वाहतुकीच्या बाजूचं चाक बसलं असेल, तर बदलण्याच्या भानगडीत पडू नका. हळूहळू सुरक्षित जागेपर्यंत न्या, टायर गेला तरी चालेल. ते जमत नसेल तर सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहून मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी 1033 आहे.

सपाट, कडक जमीन, हॅन्डब्रेक, गिअर, आणि बसलेल्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट जॅक लावण्याआधी अर्धा फेरा सैल करा. चाक हवेत गेल्यावर जोर लावला की ते फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅक टेकवायचा तो पत्र्याच्या कडेला असलेल्या दोन खाचांच्या मधोमध. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. जमीन मऊ असेल तर खाली फळी घ्या. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल.

नट निघाले तरी अलॉय हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटलेली असते, पावसाळ्यात हमखास. हातोडा मारू नका. गाडी जॅकवर असताना टायरला लाथाही मारू नका. दोन-तीन नट हलके लावून गाडी खाली टेकवा, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवा, चिकटलेली अलॉय सुटते. बसवताना नट आधी हातानं, मग समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावरच द्या. बहुतेक कारना 90 ते 110 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतं. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या की आटे जातात. 50 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

गाडीला नटऐवजी बोल्ट असतील आणि अलॉय बाहेरून बसवलेली असेल, तर तिचे लांब बोल्ट लोखंडी स्टेपनीला चालत नाहीत. मूळ बोल्ट डिकीत ठेवा. चोरटाळू नटची चावीही तिथेच हवी, घरच्या कपाटात नको.

इनोव्हा, एर्टिगासारख्या गाड्यांत स्टेपनी बुडाखाली साखळीवर लटकते. चिखल आणि गंजानं ही साखळी जाम होते. दर सहा महिन्यांनी एकदा खाली सोडून ग्रीस लावा आणि फिरवायचा दांडा जागेवर आहे ना ते बघा.

किटवर भिस्त असेल तर

द्रवाच्या बाटलीवर मुदत असते, साधारण चार-पाच वर्षांची. ती उलटली की आतला द्रव घट्ट होतो. खिळा उपटून मग द्रव सोडणं ही उलटी रीत झाली. खिळा राहू द्या, द्रव सोडा, इंजिन चालू ठेवून हवा भरा आणि लगेच पाच-दहा किलोमीटर ताशी 80च्या आत चालवा, तरच तो आत पसरतो. मग पुन्हा हवा मोजा. 19 पीएसआयच्या खाली गेली असेल तर भोक मोठं आहे, तिथेच थांबा. पंप सलग दहा मिनिटांहून जास्त चालवला तर जळतो.

पंक्चरवाल्याला ‘आत द्रव आहे’ हे आधी सांगा. टायर उघडताना तो अंगावर उडतो आणि धुतला नाही तर टीपीएमएसच्या सेन्सरवर वाळून बसतो.