जुन्या स्वाहिली तबकड्या कशा जमवाव्यात, जपाव्यात आणि इतरांना ऐकवाव्यात

१९२८ साली झांझिबारची गायिका सिती बिंती साद आपल्या साथीदारांसह समुद्र ओलांडून मुंबईला आली आणि हिज मास्टर्स व्हॉइस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी तिची गाणी येथे ध्वनिमुद्रित झाली. झांझिबारच्या सुलतानाच्या दरबारात जे ताराब संगीत अरबी भाषेत गायले जात असे, ते तिने स्वाहिलीत, म्हणजे बाजारातल्या आणि वस्तीतल्या माणसांच्या बोलीत आणले. न्यायातला पक्षपात आणि स्त्रियांवरचे अत्याचार हेही तिच्या गाण्यांचे विषय होते. पूर्व आफ्रिकेच्या लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रणातला हा एक महत्त्वाचा आरंभ असून तो मुंबईत झाला, म्हणून या तबकड्यांविषयी आपल्याला थोडी अधिक आस्था असायला हवी असे मला वाटते.

तबकडी मिळवताना प्रथम तिचा प्रकार ओळखावा. साधारण १९५०च्या दशकापर्यंतच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या जड आणि ठिसूळ असून दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. १९६० आणि ७०च्या दशकांत नैरोबीत निघालेल्या ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या मात्र विनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या आहेत. हा फरक ठाऊक नसेल तर नुकसान ठरलेलेच, कारण विनाइल स्वच्छ करायला वापरले जाणारे अल्कोहोलयुक्त द्रावण लाखेला विरघळवते आणि गाणे कायमचे पुसले जाते. लाखेच्या तबकडीसाठी ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे. ब्रश चरांच्या, म्हणजे गाणे कोरलेल्या बारीक रेषांच्या दिशेने फिरवावा, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नये आणि तबकडी उभी ठेवून सावलीत वाळवावी. साठवतानाही तबकड्या एकावर एक न रचता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात उभ्याच ठेवाव्यात.

यानंतरची पायरी बहुतेक जण घाईत उरकतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. तबकडी एकदाही वाजवण्यापूर्वी तिची नोंद करावी. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे; कंपनीचे नाव, सूची क्रमांक, गायक, वादक, भाषा आणि गाण्याची पहिली ओळ जशी छापली असेल तशीच उतरवावी; शेवटच्या चराजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक तिरप्या प्रकाशात वाचून लिहून ठेवावा. लेबल पुढे झिजले तरी त्या कोरलेल्या क्रमांकावरून ध्वनिमुद्रण ओळखता येते. नावांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ‘बिंती’ म्हणजे मुलगी, ‘बिन’ म्हणजे मुलगा; म्हणून सिती बिंती साद म्हणजे सादची मुलगी सिती, आणि ‘साद’ हे तिचे आडनाव नव्हे. तिच्या साथीला असलेले सुबैत बिन अंबर, म्बारुक आणि मालिम शाबान यांची नावे रोमन लिपीत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. आपल्याला योग्य वाटणारे रूप वेगळ्या रकान्यात द्यावे, पण छापील रूप कधीही बदलू नये. नोंदीशिवाय दिलेले गाणे ऐकणाऱ्याला गोड लागेल, पण ते कोणाचे होते हे कळण्याचा मार्ग त्याच्यासाठी बंद होतो.

आता ध्वनी उतरवणे. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर दुर्मीळ तबकडी वाजवू नये. त्याचा जड ध्वनिशीर्ष, म्हणजे सुई धरणारा भाग, आणि पोलादी सुई चर खरवडून काढतात. ७८ फेऱ्यांची सोय असलेला टर्नटेबल आणि रुंद चरांसाठीची सुमारे ७० मायक्रॉनची सुई वापरावी, कारण विनाइलची बारीक सुई चराच्या तळाशी घासून केवळ खरखर उचलते. टर्नटेबलला ७८चा वेग नसेल किंवा तबकडीला तडा असेल, तर ४५वर वाजवून संगणकावर वेग १.७३ पटीने वाढवता येतो, फक्त तशी नोंद ठेवावी. ध्वनी ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटवर वेव्ह स्वरूपात साठवावा आणि ही मूळ प्रत कधीही स्वच्छ करू नये. खरखर काढायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर, आणि तीही हात राखूनच, कारण व्हायोलिनच्या गजाचा आणि तालवाद्याच्या थापेचा वरचा ध्वनी खरखरीबरोबरच निघून जातो.

इतरांना देण्यापूर्वी हक्क तपासावेत. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर केनियात ही मुदत ५० वर्षांची आहे. १९२८ची तबकडी भारतात मुक्त आहे, पण १९७२ साली भारतात प्रकाशित झालेली तबकडी येथे २०३२च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहील. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. सितीचे निधन १९५० साली झाले, परंतु गीत तिचेच होते की दुसऱ्या कोणाचे, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. वारस सापडत असतील तर कायद्याची मुदत संपलेली असली तरी त्यांना कळवावे, कारण त्यांच्या घरातला आवाज त्यांना आधी ऐकायला मिळावा हे उचित आहे.

गाण्याचे शब्द उतरवण्यासाठी स्वाहिली मातृभाषा असलेल्या माणसाची मदत घ्यावी. पुण्यात शिकायला येणाऱ्या पूर्व आफ्रिकी विद्यार्थ्यांपैकी कोणी तयार झाले तर उत्तम, मात्र त्यांचे नाव त्यांच्या संमतीने नोंदीत द्यावे आणि श्रमाचा मोबदलाही द्यावा. तयार झालेली प्रत, छायाचित्रे आणि नोंदी एकत्रच द्याव्यात. त्यांची एक प्रत झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये ताराब शिकवणाऱ्या ढो कंट्रीज म्युझिक अकॅडमीला, आणि शक्य असल्यास दक्षिण आफ्रिकेतील मखांडा येथे असलेल्या, १९५४ साली ह्यू ट्रेसी यांनी स्थापन केलेल्या आफ्रिकी संगीताच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयालाही देऊ करावी. तेथून एखाद्या नावाची किंवा शब्दाची दुरुस्ती आली, तर आपली जुनी नोंद न खोडता तिच्याखाली तारीख घालून नवी नोंद लिहावी आणि ज्यांना ज्यांना प्रत दिली आहे त्या सर्वांना ती कळवावी.