जुनी नाणी विकायला काढताय? सीमाभागात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनं घर पाडायला काढलं किंवा भावाभावांत वाटणी झाली की देवघराच्या फडताळातून नाहीतर आज्जीच्या ट्रंकेतून नाण्यांची पुरचुंडी निघतेच. मुलूखच तसा आहे. आदिलशाही, मोगल, मराठे, पटवर्धन, इंग्रज असे सगळे इथून होऊन गेले, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे पोर्तुगीज. एकाच फडक्यात शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं), राणीछाप रुपया, भोकाचा पैसा आणि गोव्याचं एखादं नाणं निघालं तरी इथं कुणाला नवल वाटत नाही.

पुढचं मात्र बघवत नाही. एक भाऊ म्हणतो, "चांदी चढलीय, आत्ताच मोडून टाकूया." दुसरा मोबाइल पुढे करतो, "हे बघ, यातलं एक नाणं लाखाला जातंय." चार दिवस वाद चालतो आणि शेवटी सगळंच्या सगळं एकाच दुकानात तराजूवर चढतं.

"कुठं विकू?" हा पहिला प्रश्न नव्हेच. काय विकताय ते आधी कळायला हवं. एकाच पुरचुंडीतल्या नाण्यांची गिऱ्हाइकं वेगळी असतात: काहींचा सराफ, काहींचा संग्राहक, काहींचा लिलाव. सगळं एकाच दारी नेणं हीच मुळातली चूक.

चिंच, राख, पावडर: हात लावू नका

विकायला न्यायचं म्हणून नाणी चकचकीत करण्याची हौस सगळ्यांनाच असते. चिंचेच्या कोळात भिजवलेली, भांड्यांच्या पावडरीनं घासलेली शिवराई मी पाहिली आहे. तांब्याचा जुना चॉकलेटी रंग पार गेलेला, नाणं गुलाबी पडलेलं, 'छत्रपति'मधल्या 'छ'ची कड झिजलेली, आणि भिंगाखाली सगळीकडे घासल्याचे बारीक ओरखडे. संग्राहक अशा नाण्याला हातात घेतो आणि परत ठेवतो. अडीचशे-तीनशे वर्षांत धातूवर चढलेला तो थर म्हणजे मळ नव्हे. नाणं अस्सल आणि न छेडलेलं असल्याची ती खूण असते. एकदा गेली की परत येत नाही.

माती लागली असेल तर साधं पाणी, मऊ कापडानं टिपून घेणं, बस्स. प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बममुळे नाण्यांवर हिरवट चिकट थर आला असेल तर तो शुद्ध ॲसिटोननं निघतो, पण ते काम जाणकाराकडून करून घ्या. नेलपॉलिश काढायचं द्रावण त्यासाठी वापरू नका, त्यात इतर बरंच काही मिसळलेलं असतं.

सगळं वजनावर देणं

सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. बेळगावचे सराफ, कोल्हापूरची गुजरी, चांदीच्या कामाची हुपरी, सगळं हाताशी आहे. चांदी मोडायला कुणालाच लांब जावं लागत नाही, आणि म्हणूनच या भागातली किती नाणी मुशीत गेली याचा हिशोब लागणार नाही.

सराफाकडे जाण्यात गैर काहीच नाही. पण दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच थोडं काम करा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम. अधेली त्याच्या निम्मी, पावली पाव. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 या सालांच्या रुपयात फक्त 50 टक्के, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया तर चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. चुंबक लावून बघा, लगेच चिकटेल. चांदी चिकटत नाही. या तिन्हींची एकच रास करून तराजूवर टाकली तर 'सगळी कमी कसाची' म्हणून सरसकट भाव ठरतो, आणि चांगल्या रुपयांचे पैसे हलक्यांच्या भावात जातात. महायुद्धाच्या काळातले रुपये वेगळे बांधून न्या. दुकानदाराला साल दाखवा, कस विचारा, काट्यावरचा आकडा स्वतः वाचा.

दुसरं, 1969 चा गांधीजींचा दहा रुपयांचा बंदा बऱ्याच घरांत जपून ठेवलेला असतो. तो 15 ग्रॅमचा आणि 80 टक्के चांदीचा आहे. मुलांना खेळायला दिलेला मी पाहिला आहे.

झिजलेले, नाव-साल पुसलेले, गळ्यात घालायला कडी डकवलेले रुपये खुशाल वजनावर द्या. संग्राहक कडीचे नाणे घेत नाही, कारण कडी काढली तरी जोडाची खूण राहते. पण ज्या नाण्यावरचा चेहरा, केस, मुकुटाची नक्षी अजून उठून दिसते, ते नाणं मोडीत घालू नका. त्याचे दोन पैसे जास्त देणारा कुणीतरी असतोच.

सन जुना म्हणून किंमत मोठी, असं नसतं

"1862 चा आहे हो!" हे वाक्य फार ऐकू येतं. राणीच्या रुपयावर 1862 हे साल कायम ठेवून पुढे बरीच वर्षं नाणी पाडली गेली. 1840 सालाचंही तसंच. त्यामुळे हे रुपये अमाप आहेत. उलट 1939 चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. शेवटचा 9 भिंगाखाली नीट बघा, नकलेत तो आकडा खोदून बदललेला असतो. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा बोभाटा झाला, आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला गेला. असा रुपया मिळाला तर बाजूला ठेवा.

रामदरबार किंवा मारुती कोरलेला, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 वगैरे साल असलेला तांब्याचा तुकडा आपल्याकडे गावोगाव देव्हाऱ्यात आहे. तो श्रद्धेनं पुजा, पण विकायला नेऊ नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलंच नाही. आणि 'तांब्याचं नाणं तांदूळ ओढतं' असं सांगणारा कुणी दारात आला तर त्याला घरात घेऊ नका. पोलिसांना हा फसवणुकीचा धंदा चांगला ठाऊक आहे.

आपल्या मातीतली नाणी ओळखायची राहून जातात

फारसी अक्षरं दिसली की घरचे लोक 'मोगलांचं असेल' म्हणून नाणं बाजूला टाकतात. मराठ्यांनी कितीतरी रुपये मोगल बादशहाच्या नावानंच पाडले. टांकसाळीचं नाव 'आझमनगर गोकाक' असलेले रुपये आपल्या जिल्ह्यातलेच. बागलकोटचा मल्हारशाही रुपया इथल्या बाजारांत खेळत होता. नाणं पाडायचा ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर मावत नाही. ज्याच्यावर टांकसाळीचं नाव आलं आहे, त्याला जास्त किंमत. म्हणून अशी नाणी वजनावर देणं म्हणजे आपल्याच मुलखाचा कागद पुसून टाकणं, आणि मला ते मनापासून खुपतं.

शिवराईबाबत मात्र घाई दोन्ही बाजूंनी होते. काही जण 'तांब्याचा तुकडा' म्हणून भंगारात देतात, काही जण थेट महाराजांच्या हातची म्हणून लाखाची अपेक्षा धरतात. शिवराई पेशवाईतही पाडली जात होती. 'श्री राजा शिव' वाचता येतं म्हणून ती महाराजांच्या काळातलीच ठरत नाही. अक्षरांची ठेवण, कडेच्या ठिपक्यांचं वर्तुळ आणि वजन पाहून जाणकार ठरवतात. सोन्याचा शिवकालीन होन कुणी दाखवला तर आधी नकली समजा, अस्सल होन फार म्हणजे फारच थोडे उरले आहेत.

मोबाइलवरचे लाखाचे भाव

वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं, 786 नंबरची नोट, ट्रॅक्टरची पाचाची नोट. व्हिडिओत यांना लाखो रुपये मिळतात, पुढे फोन येतो, आणि मग 'नोंदणी फी', 'कर', 'कमिशन' म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर सूचना काढून सांगितलं आहे की आपल्या नावानं जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी फी मागणाऱ्यांशी बँकेचा काही संबंध नाही. नाणं विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नसतो. एक रुपयाही पाठवू नका.

मग न्यायचं कुठं

आधी वही करा. प्रत्येक नाण्याला क्रमांक, वजन, साल, दोन्ही बाजूंचा मजकूर, आणि दिवसाउजेडी काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो. वही नसली की दुकानदार चांगली चार नाणी वेचून घेतो आणि बाकीच्या राशीला गिऱ्हाईक उरत नाही. कुणी "एवढीच देता का?" म्हणालं तर तीच नाणी जपून ठेवा आणि दुसऱ्याला दाखवा.

चांगली पण फार दुर्मीळ नसलेली नाणी संग्राहकांना आणि नाणी-प्रदर्शनांत विकली जातात. पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्सचं प्रदर्शन भरतं. तिथं एकाच दिवसात वेगवेगळ्या टेबलांवर भाव विचारता येतात, आणि घासाघीस केली तर कुणी वाईट मानत नाही. ओळख पटत नसेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे.

खरंच दुर्मीळ काही निघालं तर लिलाव. मुंबईचं टोडीवाला ऑक्शन्स, बेंगळुरूचं मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही यातली नावाजलेली ठिकाणं. नाणी हातातून सोडण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कमीत कमी किंमत किती धरली, कमिशन किती, नाणं विकलं गेलं नाही तर परत कधी आणि कुणाच्या खर्चानं, पैसे किती दिवसांत. लिलावाला महिने लागतात. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त पुढच्या महिन्यात असेल तर हा रस्ता धरू नका.

100 वर्षांपूर्वीचं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते पाठवता येत नाही, भाव कितीही चांगला येवो.

शेतात सापडलं असेल तर

विहीर खणताना, पाया घेताना नाण्यांचं गाडगं निघालं तर ते विकायचं नाही. बेळगाव जिल्ह्यात कर्नाटकाचा 1962 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा लागतो, आणि सीमेपलीकडे चंदगड-कागलात 1878 चा. दोन्हीकडे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. चोरून विकलेलं गाडगं पुढे कुणाच्या तरी तोंडून फुटतंच, आणि मग विकणारा व घेणारा दोघेही अडकतात. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

घरात एकमत नसेल तर

वाटणीच्या वेळी नाण्यांची रास पाडून समान वाटून घेऊ नका, संग्रहाची किंमत तिथंच तुटते. आधी सगळ्यांसमोर वही करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, नाणी एकत्र विका आणि आलेले पैसे वाटून घ्या. बहिणींचा वाटा विसरू नका, पुढे त्यावरूनच कोर्टकज्जे होतात. कुणाला आज्जाची आठवण म्हणून एखादं नाणं ठेवायचं असेल तर त्याचा भाव धरून ते त्याच्या वाट्याला द्या. व्यवहाराची पावती घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारता येत नाही, तेव्हा मोठी रक्कम खात्यावरच मागा, आणि कर किती लागेल ते विक्रीच्या आधी आपल्या सीएला विचारून ठेवा.