लाकडात मजले चढवताय? या चुका टाळा

पाचगणी-महाबळेश्वरला रिसॉर्ट काढणारे हल्ली मोबाईलवर नॉर्वेचा म्योस्टोर्नेट टॉवर दाखवतात, 18 मजले, 85 मीटर, अख्खा लाकडाचा सांगाडा, आणि म्हणतात साहेब आपण निदान तीन मजले तरी असे करू. करता येतात, पण चुका त्याच त्याच होतायत म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक जाडीची. चुलीत काटक्या भसाभस जळतात पण मोठा ओंडका वरून कोळसा होऊन आत घट्टच राहतो, मास टिंबरचं (म्हणजे जाडजूड लाकडी तुळया-खांबांच्या बांधकामाचं) सगळं गणित यावरच आहे. लाकूड मिनिटाला साधारण 0.7 मिमी जळतं, त्याच्या आतला तापलेला थरही कामाचा राहत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी आग लागली तर 200 मिमी रुंदीची तुळई तासाभरात मधे जेमतेम 100 मिमी उरते, आणि सगळं वजन त्या उरलेल्या भागानं पेललं पाहिजे. इथं लोक नुसतं वजनाला पुरेल एवढंच माप घेतात. तसं करू नका.

दुसरं म्हणजे जॉइंट. तुळई जाड घेतली आणि खांबाला जोडणारी लोखंडी प्लेट बाहेर उघडी ठेवली तर काय उपयोग? 600 डिग्रीच्या आसपास स्टीलची निम्म्याहून जास्त ताकद जाते, लाकूड उभं असतानाच जॉइंट सुटतो. प्लेट लाकडाच्या खाचेत आत घाला, बोल्टच्या डोक्यावर लाकडी गुट्टी मारा, आणि ते आवरणसुद्धा जळण्याचा हिशोब धरूनच जाड ठेवा.

नियमांचं म्हणाल तर अमेरिकेच्या 2021 च्या आयबीसी कोडमधला (तिथल्या बांधकाम नियमावलीतला) लाकडी इमारतीच्या 18 मजल्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्या प्रकारात लाकूड पूर्ण न जळणाऱ्या बोर्डानं झाकावं लागतं आणि स्प्रिंकलर (आगीवर पाणी फवारणारे नळ) लागतात हे कुणी वाचत नाही. आपल्याकडं तो आकडा दाखवून काम होत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 प्रमाणं 15 मीटरपासूनच हायराइज, म्हणजे उंच इमारत धरतात, त्यामुळं नकाशा काढायच्या आधीच फायरवाल्यांशी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बसा. कोयनेचा 1967 चा भूकंप आपल्या सातारा जिल्ह्यातलाच आहे, लाकूड हलकं असतं हे चांगलंच, पण धक्क्यात परीक्षा परत जॉइंटचीच होते.

आता पाणी. आगीपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो. एका साइटवर खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडले होते, वरून पॉलिश चकाचक, आणि खाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. फार वाईट वाटलं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. खांब जोत्यावर लोखंडी बुटात उचलून ठेवा, पाणी निघून जायला फट ठेवा, कापलेली टोकं सील करा कारण लाकूड टोकाकडूनच पाणी पितं, आणि बोर्ड मारून झाकण्याआधी ओलावा मोजायचं मीटर लावून बघा. पाया भरतानाच वाळवीची ट्रीटमेंट करून घ्या.

शेवटी वायरिंगवाला येतो आणि विचारल्याशिवाय तुळईच्या खालच्या कडेला भोकं पाडतो. भोकांच्या जागा आधीच ड्रॉइंगमध्ये द्या आणि मजल्यातनं, भिंतीतनं जाणारी भोकं साध्या फोमनं नाही, आगीत टिकणाऱ्या फायर सीलंटनंच बुजवून घ्या.