आधी नंबर, मग भाव

फोनवर कुणी "समोरच्या शॉकअपचा काय भाव?" असं विचारलं की मी सरळ अंदाज ठोकते, आणि तो चढाच असतो. दुसरं काय करणार? गाडी कोणती, वर्ष कोणतं, डावा की उजवा, स्प्रिंगसकट की नुसता, वरचा माउंट धरून की सोडून, यातलं काहीच समोरच्याने सांगितलेलं नसतं. अशा वेळी काउंटरवालं माणूस स्वतःला राखूनच बोलतं.

मी पार्टच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला असते. एकाच गाडीचा एकच पार्ट पाच ठिकाणी पाच भावांनी जाताना बघते. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला कुणीतरी गंडवतंय. कधी कधी गंडवतातही. पण बहुतेक वेळा त्या वेड्यावाकड्या भावामागे कारण असतं, आणि ते कळलं तर वाट काढता येते. मुळात एक धरून चाला: पार्टमध्ये लोखंड किती आहे यावर भाव फारसा ठरत नाही. तोच पार्ट तुम्हाला आणखी कोण देऊ शकतं, यावर ठरतो. पुढे जे सांगतेय ते सगळं हा "आणखी कोण" शोधून काढण्यासाठी.

सुरुवात चेसिस नंबरापासून. आजच्या गाड्यांवर तो १७ आकडे-अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. तेव्हा धुळकट पट्टीवर "ओ" दिसला तर बिनधास्त शून्य लिहा. त्यापेक्षा फोटो पाठवलात तर उत्तमच.

या नंबरावर काउंटरवाला कंपनीचा कॅटलॉग उघडतो. त्यात प्रत्येक जोडणी सुटी सुटी करून काढलेली असते आणि तुकड्यातुकड्याला पार्ट नंबर दिलेला असतो. तुम्हाला हवा तो हा नंबर. तो मागून लिहून घ्या. काही जण द्यायला आढेवेढे घेतात, कारण नंबर हाती लागला की गिऱ्हाईक चार ठिकाणी फिरणार हे त्यांना माहीत असतं. नाही दिला तरी बिघडत नाही. जुन्या पार्टवर तो बहुधा कोरलेला किंवा लेबलावर छापलेला असतोच. लोखंडी पार्ट असेल तर वायर ब्रश, चिंधीवर थोडं डिझेल आणि मोबाइलचा उजेड, एवढ्यात वाचता येतो. लेबल असेल तर ब्रश लावू नका, छपाई निघून जाते.

नंबर वाचायला थोडं शिकलात तर आणखी फायदा. टोयोटाच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात: ०४४६५ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड, ०४४६६ म्हणजे मागचे. गाडी कोणती ते पुढच्या आकड्यांत. फोक्सवॅगन गटात उलट, पहिली तीन अक्षरं तो पार्ट मुळात कोणत्या गाडीसाठी काढला ते सांगतात. "१के०" ने सुरू होणारा नंबर पाचव्या पिढीच्या गोल्फसाठी निघाला, पण त्याच नंबराचे पार्ट स्कोडा आणि ऑडीतही निघतात. पैसे इथे वाचतात. गाडी महागड्या ब्रँडची असेल आणि पार्टचा नंबर तिच्या स्वस्त बहिणीचाही असेल, तर भाव बहिणीच्या काउंटरवर विचारायचा. फक्त नंबराच्या शेपटीचं अक्षर सोडू नका. ते सुधारणा किंवा प्रकार दाखवतं, आणि त्या एका अक्षरापायी पार्ट बसत नाही असंही होतं.

नंबर बदलतातही. पार्टमध्ये बारीकशी सुधारणा झाली किंवा पुरवठादार बदलला की जुना नंबर बंद होतो आणि कॅटलॉगात त्याच्यापुढे नवा दिसू लागतो. भावातली बरीचशी गंमत इथली आहे. नव्या नंबराला नवा भाव लागतो, आणि जुन्या नंबराचा खोका कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या फळीवर जुना भाव अंगावर घेऊन पडलेला असतो. दुकानदाराला तो कधी एकदा जातोय असं झालेलं असतं. म्हणून विचारताना दोन्ही नंबर सांगा आणि जुन्याचा पडून माल आहे का, हे वेगळं विचारा. न विचारता कुणी फळीवर चढून बघत नाही, मीसुद्धा नाही. रबराची वस्तू असेल तर मात्र खोक्यावरची तारीख बघूनच घ्या.

आता पार्ट बनवतो कोण? बरेचसे पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, माले, झेडएफ अशा पुरवठादारांकडून ते येतात आणि कंपनीच्या खोक्यात भरले जातात. हेच पुरवठादार तसाच माल स्वतःच्या खोक्यातही विकतात, बहुधा बऱ्याच कमी भावात. खात्री करायची तर ॲल्युमिनियमचा एखादा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, हातात घेऊन बघा. एका बाजूला पुरवठादाराचं नाव उठून आलेलं असतं, शेजारी साच्याच्या तारखेचं गोल चक्र, आणि कधी कधी त्याच्या बाजूला अंगठ्याएवढा चकचकीत, खरवडलेला डाग. त्या जागी गाडीच्या कंपनीचा शिक्का होता. कंपनीच्या खोक्यात जाणाऱ्या मालावर तो तसाच राहतो, पुरवठादाराच्या खोक्यात जाणाऱ्या मालावरून घासून काढतात. भावातला फरक तेवढ्या घासण्याचा. गिऱ्हाइकं तो डाग बघून "हा वापरलेला दिसतोय" म्हणत परत करतात तेव्हा मला हसू आवरत नाही.

खोक्यावर मोठं नाव आहे म्हणून आतला माल तोच, असं मात्र धरू नका. मोठ्या पुरवठादारांच्या यादीत त्यांनी कंपनीला कधीच न दिलेले पार्टही असतात. तुमच्या गाडीतून निघालेल्या मूळ पार्टवर कुणाचं नाव आहे ते बघा आणि त्याच नावाचा मागा.

ज्या पार्टला असा दुसरा दरवाजाच नाही, तिथे भाव मोकाट सुटतो. बॉनेट-फेंडरचे पत्रे, हेडलाइट, कंट्रोल युनिट (गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू), चावी, दाराच्या पट्ट्या, बोधचिन्हं. एरवी अगदी किरकोळ वाटणारा प्लास्टिकचा तुकडा अख्ख्या ऑइल फिल्टरपेक्षा महाग निघतो तो यामुळे. यामागे नुसती मनमानी नसते, पद्धतशीर गणितही असतं. २०१८ साली रॉयटर्स आणि काही युरोपीय माध्यमांनी कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली होती की ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीचं "पार्टनेओ" नावाचं सॉफ्टवेअर वापरून रेनो आणि पीएसए (प्यूजो-सिट्रोएनवाली) या कंपन्यांनी पार्टचे भाव वाढवले. त्याचं तत्त्व असं की बनवायला किती लागलं ते बाजूला ठेवायचं आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत वस्तूची किंमत किती वाटते ते बघायचं. बाहेरचा स्पर्धक नसेल तर त्या अंदाजापर्यंत भाव चढवायला जागा असते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये डिझाइनहक्काचा नवा कायदा करताना दुरुस्तीसाठी लागणाऱ्या, मूळ रूप परत आणणाऱ्या पार्टना सूट दिली ती याच मक्तेदारीला फट पाडायला.

अशा पार्टबाबत घासाघीस करत बसू नका, उपयोग नाही. प्रश्न बदला: अख्खा लागतोच का? हेडलाइटचा कान तुटला म्हणून गॅरेजवाला पूर्ण हेडलाइट लिहून देतो, पण काही कंपन्या त्या कानाचा दुरुस्ती-संच वेगळा विकतात. आरशाची नुसती काच बहुधा सुटी मिळते. लोअर आर्म ठीक असेल आणि त्यातला रबरी बुश गेला असेल तर पुष्कळ गाड्यांत बुश वेगळा दाबून बसवता येतो. मजुरी मात्र धरा; बुश दाबायला लागणारा वेळ पैशात मांडला की कधी कधी अख्खा आर्मच परवडतो. उलटही होतं. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली सुटे घेतले तर संचापेक्षा महाग पडतात. म्हणून सुटा आणि असेंब्ली (म्हणजे जोडलेला अख्खा), दोन्ही भाव घ्यायचे. पत्रे, दारं, सीट यांसाठी भंगार यार्ड उत्तम. एअरबॅग आणि सीटबेल्ट तिथून आणू नका.

काही पार्ट तर गाडीचे नसतातच, मापाचे असतात. बेअरिंगवर ६२०३ लिहिलं असेल तर ते आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलिमीटर, मग ते अल्टरनेटरमध्ये असो की वॉशिंग मशीनमध्ये. पट्ट्यावर ६पीके१८७० असेल तर सहा धारा आणि १८७० मिलिमीटर लांबी. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. एच७ बल्ब कोणत्याही गाडीत एच७च. अशा वस्तू गाडीचं नाव सांगून मागितल्या तर गाडीचा भाव लागतो, माप सांगून मागितल्या तर मापाचा. बेअरिंगच्या दुकानात जाऊन गाडीचं नावच काढू नका. मात्र अल्टरनेटरच्या बेअरिंगला उष्णता आणि वेग दोन्ही सोसायचे असतात, तेव्हा आकड्याच्या मागची अक्षरंही जुळवून घ्या. सील कोणतं, आतली फट किती, ते त्यांत असतं.

भाव घेताना तीन ठिकाणी विचारा, पण तिन्हीकडे शब्दशः तेच. मी तुमच्या जागी असते तर असं विचारलं असतं: "नंबर हा. कंपनीच्या खोक्यातला केवढ्याला, पुरवठादाराच्या खोक्यातला केवढ्याला, आणि तो पुरवठादार कोण? आज आहे की मागवणार? कर धरून सांगताय ना? जुना परत द्यावा लागेल का?" शेवटचा प्रश्न विसरू नका. सेल्फ, अल्टरनेटर, ब्रेक कॅलिपर, स्टीअरिंग रॅक असे पार्ट जुना सांगाडा घेऊन नव्याने बांधलेलेही मिळतात, आणि त्या सांगाड्यापोटी अनामत लावतात. एक दुकान ती धरून भाव सांगतं, दुसरं सोडून. मग दुसरं स्वस्त वाटतं आणि बिलावर गणित फिरतं. जुना पार्ट गॅरेजात भंगारात गेला तर ती अनामतही गेली.

सांगितलेला भाव किती दिवस टिकणार तेही विचारा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे गाडीचा धूर कमी विषारी करणाऱ्या डब्यात, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असतं. २०२१ च्या पूर्वार्धात रोडियम विक्रमी भावाला गेलं आणि पुढे कोसळलं, आणि कन्व्हर्टरचा भाव अशा चढउताराला बांधलेला असतो. गाडीच्या वयाचाही परिणाम होतो. नव्या मॉडेलचे पार्ट सुरुवातीला फक्त कंपनीकडे मिळतात, म्हणून महाग. चार-पाच वर्षांनी रस्त्यावर गाड्या पुरेशा झाल्या की बाहेरचे उत्पादक उतरतात आणि भाव खाली येतो. मॉडेल बंद होऊन बराच काळ लोटला की माल आटतो आणि भाव परत चढतो. तुमची गाडी या तिसऱ्या टप्प्याकडे चालली असेल तर झिजणारे आणि लवकर न सडणारे पार्ट, जसं दाराचं कुलूप किंवा काचेचा रेग्युलेटर, स्वस्त दिसले की घेऊन ठेवा.

ब्रेकमध्ये मी स्वस्ताई शोधायला सांगणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी आर९० नियमानुसार बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्के वर-खाली एवढ्यातच असावं लागतं. पास झालेल्या पॅडच्या मागच्या पत्र्यावर गोलात ई आणि शेजारी ९०आर असं उमटवलेलं असतं. तो शिक्का बघा, मग भावाचं बोला. फिल्टर, प्लग आणि बेअरिंगमध्ये नकली माल भरपूर फिरतो, आणि तो ओळखायचा सोपा मार्ग भावच आहे: चौकशीत सगळे एका पट्ट्यात असताना एकटाच अर्ध्यावर आला तर सोडून द्या.

सेन्सर किंवा कंट्रोल युनिट घेतलंत तर सील फोडण्याआधी काउंटरवरच जुना शेजारी ठेवा. खोक्यावरचा नंबर जुळवा, लेबलावरचं चित्र बघा, पारदर्शक पिशवीतून दिसत असेल तर कनेक्टरच्या पिना मोजा. तीन पिनांच्या जागी चार निघाल्या तर तिथल्या तिथे बदलून मिळतं. इलेक्ट्रिकचा माल सील फुटल्यावर कुणी परत घेत नाही, आम्हीही नाही.