चिकित्सा म्हणजे खुसपट काढणं नव्हे: वर्गात या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून ‘चिकित्सक विचार’ हा शब्द प्रशिक्षणाच्या प्रत्येक पुस्तिकेत भेटतो. मालवण तालुक्यात वीसेक वर्षं शिकवताना मला जाणवलंय की मुलांची बुद्धी कुठेच कमी पडत नाही, घोळ होतो तो शब्दांत. चिकित्सा, टीका, तर्क, अनुमान हे सगळे शब्द घरातही बोलले जातात. मुलं घरचा अर्थ घेऊन वर्गात येतात, आपण पुस्तकातला अर्थ धरून शिकवतो, आणि दोघांनाही वाटतं की समजलं.

‘चिकित्सा करा’ म्हणून सोडून देणं

“फार चिकित्सा करू नको, गप जेव,” हे ताटावर बसलेल्या मुलाला ऐकवलं जातं. भाजीत मीठ कमी, भात मऊ झाला, अशी कुरकुर चाललेली असते. त्यामुळे ‘चिकित्सक’ म्हटलं की खोडी काढणारा माणूसच मुलांच्या डोळ्यांसमोर येतो. एका शाळेत मी आठवीला ‘या धड्याची चिकित्सा करा’ एवढंच सांगितलं होतं. वह्या आल्या त्या तक्रारींनी भरलेल्या: धडा लांब आहे, चित्रं कमी आहेत, शब्द कठीण आहेत. लेखकाचं म्हणणं काय आणि ते तो कशाच्या आधारावर मांडतो, हे एकानेही लिहिलं नव्हतं. सूचना माझी होती, तेव्हा चूकही माझीच.

आता मी आधी वैद्याची आठवण करून देते. चिकित्सक म्हणजे मुळात वैद्य. तो नाडी बघतो, जीभ बघतो, झोप-भूक विचारतो आणि मगच काढा सांगतो. दुसरं उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेचं. तिथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. अभ्यासकांनी देशभरातून मिळवलेली १,२०० हून अधिक हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहिली. कुठला पाठ जुना, कुठला मागाहून शिरला, हे श्लोकाश्लोकाला तपासलं. महाभारताला नावं ठेवायला कोणी बसलं नव्हतं.

टीकेचंही तसंच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, आहे, हे सातवीतल्या मुलांना सांगितलं तर ती चकित होतात, कारण त्यांना टीका म्हणजे निंदाच ठाऊक असते.

सूचना अशी द्या: लेखक काय म्हणतो ते एका वाक्यात लिहा, त्यासाठी त्याने दिलेली कारणं लिहा, आणि त्यातलं कुठलं कारण तुम्हाला लंगडं वाटतं ते सांगा. एवढ्याने वह्या बदलतात.

तर्काला अंदाज समजणं

“माझा आपला एक तर्क,” असं आपण म्हणतो तेव्हा तो नुसता अंदाज असतो. तर्कशास्त्रातला तर्क पायऱ्या दाखवायला लावतो. हे शिकवायला किनारपट्टीवरच्या मुलांना परदेशी उदाहरणांची गरज नाही, त्यांच्या आजोबांकडे पाऊणकी आहे.

जुने मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. गावागावाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, खाडीत आत गेलं की आणखी.

या एका पाढ्यात तर्काचे दोन्ही प्रकार आहेत. कित्येक पिढ्यांनी हजारो भरत्या पाहिल्या आणि त्यातून एक नियम काढला: हा विगामी तर्क. आज चतुर्थी आहे, नियम असा आहे, म्हणून भरती तीनला: हा निगामी तर्क. विगामी तर्काने निघालेला नियम उद्या एखाद्या निरीक्षणाने दुरुस्त करावा लागू शकतो. निगामी तर्कात आधारविधानं खरी असली आणि मांडणी बरोबर असली, तर निष्कर्ष टाळता येत नाही. व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी मुलांना आठ दिवस जेटीवर उभं करा आणि वेळा लिहायला लावा. पाऊणकी किती मिनिटांनी चुकते हे त्यांचं त्यांना कळतं.

दिसलं ते आणि वाटलं ते एकाच रांगेत लिहिणं

ही चूक सगळ्यात खोल आहे आणि मोठ्यांतही भरपूर दिसते. आमच्याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली, त्यांत हे ठिकाणही आहे. मुलांना तिथे नेलं की मी वहीच्या पानावर उभी रेघ मारायला सांगते. डावीकडे ‘काय दिसतं’, उजवीकडे ‘काय वाटतं’.

एक मुलगा डावीकडे लिहू लागला, “देवी.”

“तुका कसा कळला?” मी विचारलं.

तो खाली वाकला. जांभ्यावर कोरलेल्या रेषेवरून त्याने बोट फिरवलं. “डोक्यासारखा गोल आसा. हात आसत. पाय आसत.” मग थांबून म्हणाला, “देवी माका वाटता.” त्याने ‘देवी’ खोडून उजवीकडे लिहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, “माझी आजी सांगता, पांडवांनी एका रातीत खोदल्यानी.” तिला मी सांगितलं की हे दोन्हीकडे बसत नाही, ‘ऐकलेलं’ म्हणून तिसरा रकाना कर. आजीचं सांगणं जपून ठेवण्यासारखंच आहे, फक्त त्याची जागा वेगळी.

रत्नागिरीकडच्या सड्यांवर गेंड्यासारख्या आकृत्याही आहेत. आज कोकणात गेंडा नाही, मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे? इथून पुढे जो अंदाज बांधायचा, त्याला अभ्युपगम म्हणतात: तपासता येईल असं तात्पुरतं उत्तर. ‘गृहीतक’ हा शब्द त्याच अर्थाने वापरू नका. आपण न तपासता धरून चालतो ते गृहीत; अभ्युपगम तपासण्यासाठीच मांडलेला असतो.

वैध म्हणजे खरं, असं मानणं

फळ्यावर लिहा: सगळे मासे अंडी घालतात, मोरी (शार्क) हा मासा आहे, म्हणून मोरी अंडी घालते. मांडणी निर्दोष आहे, युक्तिवाद वैध आहे. पण बाजारात मोरी कापायला बसणाऱ्या बाईला विचारा, तिने मोरीच्या पोटातून जिवंत पिल्लं निघालेली पाहिलेली असतात. पहिलंच विधान खोटं. उलटही होतं: पावसाळ्यात विहीर भरते, विहीर भरली आहे, म्हणून पावसाळा आहे. निष्कर्ष त्या दिवशी खरा असेलही, पण ऑक्टोबरातही विहीर भरलेलीच असते, म्हणून मांडणी वैध नाही.

पाठोपाठ आलं म्हणून कारण ठरवणं

नारळीपौर्णिमेला सागराला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. वर्गात हा विषय काढताना श्रद्धेची थट्टा करू नका. ज्याच्या जिवावर घर चालतं त्या समुद्रापुढे हात जोडण्यात काहीच वावगं नाही. प्रश्न फक्त कारणाचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर त्याच सुमारास ओसरू लागतो, म्हणून दोन गोष्टी शेजारी दिसतात.

मुलांनी हे पडताळायचं कसं? अधिक महिन्यामुळे नारळीपौर्णिमेची तारीख हलते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. आणि २०२० मध्ये पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी, ५ ऑगस्टला, मुंबईत कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा नोंदला गेला. एवढी नोंद समोर ठेवली की सहसंबंध (दोन गोष्टी सोबत दिसणं) आणि कार्यकारणभाव (एकीमुळे दुसरी होणं) यांतला फरक मुलं स्वतः सांगतात.

‘का’ विचारलं की विश्लेषण झालं, ही समजूत

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांची विचाराच्या पायऱ्यांची १९५६ ची वर्गवारी बी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. तरी ‘कोकणातील घरांची छपरे उतरती का असतात?’ हा प्रश्न आपण विश्लेषणात टाकतो. उत्तर आधीच उतरवून दिलेलं असेल तर ते नुसतं स्मरण.

गेल्या सहामाहीत मी प्रश्न बदलला: तुमच्या वाडीत स्लॅबची घरं वाढत आहेत, पावसाळ्यात त्यांचं काय होतं ते पाहून लिहा. एका मुलीने लिहिलं, “आमच्या स्लॅबला दुसऱ्या वर्षी ओल आली. मग आबांनी वर पत्र्याची शेड घातली. ती उतरती आहे.”