रीफ टँकमधलं फॉस्फेट खाली आणायचंय? आधी वेग ठरवा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, टेस्टला फॉस्फेट ०.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दिसलं की पहिला विचार येतो तो म्हणजे उद्यापर्यंत हे शून्यावर आलं पाहिजे, आणि कोरल मरतात ते नेमके या घाईत. वाढलेल्या फॉस्फेटमध्ये कोरल महिनोन् महिने तग धरतात, रंग तपकिरी पडतो, सांगाडा बनायला अडथळा येतो म्हणून वाढ मंदावते, काच रोज पुसावी लागते, पण जगतात. तेच फॉस्फेट दोन दिवसांत ०.५ वरून ०.०३ वर ओढलं की अॅक्रोपोराची (हा फांद्यांचा नाजूक कोरल) कातडी बुडापासून सुटायला लागते आणि मग हातात फारसं काही राहत नाही.

टार्गेट किती ठेवायचं? मिक्स्ड रीफला (सगळ्या प्रकारचे कोरल एकत्र) ०.०३ ते ०.१ पीपीएम पुरे. नुसते सॉफ्ट कोरल आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, म्हणजे मोठ्या जीवांचे, कडक सांगाड्याचे कोरल) असतील तर ०.१५ ला पण घाबरायचं कारण नाही. समुद्रातल्या रीफवर यापेक्षा खूप कमी असतं हे खरं, पण तिथे प्लवकांनी भरलेलं नवीन पाणी सतत अंगावरून वाहत असतं, आपल्या टँकमध्ये ते नसतं, त्यामुळे समुद्राचा आकडा गाठायच्या मागे लागू नका.

आता टेस्ट. रंग जुळवायच्या किटवर ०.०३ आणि ०.१ मधला फरक डोळ्याला नीट कळत नाही, म्हणून डिजिटल चेकर घ्याच. हॅनाचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फेटवाला चांगला आहे, त्याची अचूकता अधिक-उणे ०.०२ पीपीएमच्या आसपास, म्हणजे काल ०.०८ आणि आज ०.०६ आलं तर काहीच बदललेलं नाही असं समजायचं. त्यांचाच एक चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतो, त्या आकड्याला ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं, १०० पीपीबी म्हणजे ०.३१ पीपीएम फॉस्फेट. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो. चुकीचं रीडिंग बहुतेक वेळा बाटलीमुळे येतं: १० मिली पाणी भरा, बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने बोटांचे ठसे पुसा, पावडरचं पाकीट टोकापर्यंत झटकून रिकामं करा, दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा (जोरात हलवलं की बुडबुडे होतात, आणि काचेला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा आकडा फुगवतो), मग बाटली पावडरआधी चेकर झीरो करताना ज्या बाजूने ठेवली होती त्याच बाजूने परत ठेवा. आकडा विचित्र वाटला तर पुन्हा टेस्ट करा, एका रीडिंगवर काहीही टाकू नका.

येतंय कुठून ते बघितल्याशिवाय काढायला लागू नका. हिशोब साधा आहे. २०० लिटर टँकमध्ये ०.४ पीपीएम म्हणजे पाण्यात एकूण ८० मिलिग्रॅम फॉस्फेट. २० टक्के पाणी बदललं की त्यातलं १६ मिलिग्रॅम गेलं. आणि कोरड्या खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरला तर १ ग्रॅम खाद्यातून साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फेट आत येतं! सगळंच पाण्यात उतरत नाही, काही माशांच्या अंगात जातं, काही स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढतो, पण नुसत्या पाणी बदलण्याने आकडा का हलत नाही ते यावरून कळेल. फ्रोझन खाद्य धुऊन टाकल्याने वरवरचं थोडं जातं, बहुतेक फॉस्फरस त्या खाद्याच्या मांसातच असतो. त्यामुळे माशांना उपाशी न ठेवता जेवढं दोन मिनिटांत संपतं तेवढंच द्या. आरओडीआयच्या (फिल्टरने पूर्ण शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य हवा, आणि ते पाणी पण एकदा फॉस्फेटसाठी तपासाच. संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) तळाशी साचलेला गाळ, चार दिवस न बदललेला फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी), खडकामागे मेलेली गोगलगाय हेही बघून घ्या.

सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट म्हणजे खडक. लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले टँकमधले खडक) आणि अॅरागोनाइटची वाळू दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यात जास्त असताना खडक ते ओढून घेतो, पाण्यातलं कमी झालं की परत सोडतो. म्हणून सोमवारी ०.१ झालेलं शुक्रवारी पुन्हा ०.३ दिसतं आणि लोक म्हणतात औषध चालतच नाही. चालतंय हो, पण तुम्ही पाण्याबरोबर सगळा खडकही रिकामा करताय, त्याला आठवडे लागतात, कधी कधी महिने. अशा वेळी डोस दुप्पट करायचा नाही, आहे तोच चालू ठेवायचा.

वेगासाठी मी धरतो तो नियम असा: एका आठवड्यात चालू आकड्याच्या पाव ते एक तृतीयांशापेक्षा जास्त खाली नाही. ०.६ असेल तर पहिल्या आठवड्यात ०.४५ पर्यंत, मग ०.३३ वगैरे. एसपीएस (अॅक्रोपोरासारखे छोट्या पॉलिपचे कोरल) भरलेला टँक असेल तर पावच धरा.

साधन म्हणून माझी पहिली पसंती जीएफओ, म्हणजे आयर्न ऑक्साइडचे दाणे. पाकिटावर लिहिलेल्या डोसच्या पावभागाने सुरुवात करा. आधी आरओडीआय पाण्यात धुऊन लाल-तपकिरी धूळ पूर्ण काढा, मग रिअॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणारी नळी) भरा, आणि प्रवाह इतकाच ठेवा की वरचा थर जेमतेम हलतोय, दाणे उसळत असतील तर ते एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते आणि ती टँकमध्ये येते. ताजा जीएफओ पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जोरात ओढतो, म्हणून ते दोन्ही दिवस रोज टेस्ट हवी. संपला कधी हे ओळखायला रिअॅक्टरमधून बाहेर पडणारं पाणी तपासा, टँकइतकाच आकडा आला की बदलायचा, आणि बदलताना पण थोडाच भरायचा, नाहीतर दर वेळी कोरलला नवा झटका. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे मणी पिशवीत टाकून वापरता येतात, सोपं आहे, पण लेदर कोरल त्यावर कधी कधी मिटून बसतात.

लॅन्थनम क्लोराइड तेव्हाच, जेव्हा आकडा खूपच वर आहे, १ पीपीएमच्या आसपास किंवा पुढे. ते फॉस्फेटला धरून बारीक पांढरा साका बनवतं आणि धोका त्या साक्याचा, तो पाण्यात फिरला की माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो आणि टँग जातीचे मासे यात सगळ्यात नाजूक. सरळ टँकमध्ये ओतणं तर कधीच नाही. ठरलेला डोस लिटरभर आरओडीआय पाण्यात पातळ करा, थेंब थेंब करून काही तासांत ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये सोडा, सॉकमधलं पाणी स्किमरकडे जाऊ द्या, सॉक दुसऱ्या दिवशी काढा. मासे जोरात श्वास घ्यायला लागले किंवा पाणी दुधाळ दिसलं तर लगेच थांबवा.

व्होडका, व्हिनेगर किंवा तयार द्रावणाने कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवून फॉस्फेट काढणं) करणाऱ्यांनी आधी नायट्रेट बघा. बॅक्टेरिया वाढताना १ पीपीएम नायट्रेटमागे ढोबळमानाने ०.१ पीपीएम फॉस्फेटच वापरतात. म्हणजे नायट्रेट २ आणि फॉस्फेट ०.५ असेल तर ०.२ कमी होईपर्यंत नायट्रेट संपून जाईल आणि काम तिथेच अडकेल. रेफ्युजियममधल्या (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातल्या) केटो शेवाळाचं पण साधारण असंच, नायट्रेट नसेल तर ते वाढत नाही.

हे सगळं चालू असताना अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट, डीकेएचमध्ये मोजतात) एक दिवसाआड तपासा, हे टाळू नका. फॉस्फेट उतरलं की कोरल सांगाडा भराभर बनवायला लागतात आणि अल्कलिनिटी जास्त खातात, वर लॅन्थनम थोडी स्वतःबरोबर खाली बसवतं. ७.५ ते ८.५ डीकेएचमध्ये एकाच जागी स्थिर ठेवा. कमी फॉस्फेटमध्ये ११ डीकेएच ठेवलं तर अॅक्रोपोराची टोकं जळतात.

कोरलचे पॉलिप दिवसभर आत राहिले, रंग एकदम फिका पडला किंवा बुडाशी पांढरा पट्टा दिसला तर आकडा कितीही असो, रिअॅक्टर बंद करा आणि आठवडाभर काहीच करू नका. आणि रीडिंग ०.०० आलं, वाळूवर बुडबुडे धरलेले तपकिरी चिकट दोरे दिसायला लागले, तर डायनोफ्लॅजेलेट्सचा (त्रासदायक सूक्ष्म शेवाळाचा) संशय घ्या. जीएफओ पूर्ण काढा, खाद्य वाढवा, स्किमर थोडा कमी चालवा, गरज पडली तर टँकसाठी मिळणारं सोडियम फॉस्फेटचं द्रावण थोडं थोडं देऊन ०.०५ च्या जवळ परत आणा. खडक रिकामे असतील तर तेही पाण्यातलं ओढून घेतील, त्यामुळे सुरुवातीचे काही डोस दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये दिसणारच नाहीत. तरी डोस एकदम वाढवू नका, रोज तेवढाच देत राहा आणि रोज टेस्ट करा.